अभिमानी सेतूमामा

चांगला फटका बसला की सेतूमामा टाळ्या वाजवत नसत. ते उठून उभे राहत, कमरेची वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, सोडत आणि पुन्हा नव्याने घट्ट नेसत. आत गुडघ्यापर्यंत चड्डी असे, त्यामुळे लाजेचा प्रश्न नव्हता. पण पाहुण्या संघातल्या मुलींना हे ठाऊक नसायचं. त्यांच्या नजरा झटकन खाली जात आणि पुढचा गुण आम्हाला फुकटात मिळे. एकदा पंचांनी त्यांना मैदानाबाहेर काढायची धमकी दिली. मामांनी शांतपणे विचारलं, वेष्टी नेसू नये असा खेळाचा नियम असेल तर दाखवा. तसा नियम नव्हता.

आमचा खेळ बॉल बॅडमिंटन. पुण्यात हे नाव घेतलं की लोक शटलच्या बॅडमिंटनबद्दल बोलू लागतात, म्हणून सांगते. पिवळ्या लोकरीचा, लिंबाएवढा चेंडू, मातीचं मैदान आणि एका बाजूला पाच जणी. हा खेळ तंजावरच्या मराठा राजांच्या राजवाड्यात जन्मला असं गावात सगळेच सांगतात, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आम्ही मराठी लोक जरा जास्तच सांगतो. घरात चेंडूला आम्ही तमिळ शब्दाने पंदु म्हणतो, तरी खेळ मात्र ‘आम्च्या राजांचा’.

मामांचं पूर्ण नाव सेतुमाधव राव. गावातल्या कीळवासल भागात त्यांचं मोटार वायंडिंगचं लहानसं दुकान होतं. तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंतच्या शेतांवर जळलेल्या पंपाच्या मोटारी त्यांच्याकडे येत आणि ते त्यांत नवी तांब्याची तार भरून देत. रोज साडेचारला ते दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत, सायकलवर बसत आणि आमच्या कॉलेजच्या मैदानावर येऊन पुंगैच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखालच्या दगडावर बसत. संघात त्यांचं कोणी नव्हतं, मूलबाळही नव्हतं. आमच्याच कॉलेजचा खेळ का बघता असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरच्या वाटेवर आहे म्हणून."

माझी त्यांची ओळख मी पडल्यामुळे झाली. पहिल्याच आठवड्यात चेंडूमागे धावताना आपटले आणि तोंडून ‘आई ग’ निघालं. दगडावरून आवाज आला, "कोणाची ग तू?" तमिळ गलक्यात मराठी ऐकून मी रडायचं विसरले. वडिलांचं नाव सांगितलं. मामांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सरि, ठीक आहे, ऊठ. आई घरी आहे. इथे पंदु आहे." त्या दिवसापासून मी त्यांची झाले, म्हणजे सगळ्यांत जास्त बोलणी खाणारी, तीही ‘मारते आहेस’ला ‘मारूलालीस’ म्हणणाऱ्या आमच्या तंजावरी मराठीत. "हाताने काय मारूलालीस? पायाने मार. पाय पोचले की हात आपोआप येतो." किंवा, "पंदु तुला विचारून येत नाही. तू अगोदर जाऊन उभी राहा." मी चांगली खेळू लागले त्यातलं बरंचसं या ओरड्यामुळे, हे कबूल केलं पाहिजे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजने हात वर केले. क्रिकेटला आणि कबड्डीला पैसे होते, आम्हाला मैदान आणि जाळं तेवढं मिळणार होतं. बॅट, चेंडू, स्पर्धेचा प्रवास आमचा आम्ही बघायचा. आमचे पी.डी. सर, म्हणजे क्रीडाशिक्षक, भला माणूस. त्यांनी तोडगा काढला की रोज बघायला येणाऱ्या लोकांनीच दरमहा थोडं थोडं द्यावं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इतकी वर्षं फुकट पाहता, फुकट ओरडता, तर आता थोडा भार उचला. खेळ तुमचा आहे असं तुम्हीच म्हणता ना?

मामांना हे मुळीच पटलं नाही. एरवी दोन वाक्यांत आटोपणारा माणूस त्या दिवशी दगडावरून उठून बोलला. "देवळात कोणी गाऊलाला असला तर ऐकणाऱ्याला मृदंगाचं कातडं बदलून दे म्हणून सांगतात काय? कॉलेजचा खेळ, कॉलेजने पाहावं. मी पाह्यला येतों. पैसे दिलों तर मी पाहणारा नाही, मालक होतों. मालकाला खेळ दिसत नाही, खर्च दिसतो." मी म्हटलं, मग आम्ही खेळायचं कसं? ते वेष्टी झटकून सायकलीकडे गेले.

सरांनी रसिकांची सभा बोलावली. तिरुवैयारूची एक मोटार तपासण्यात अडकल्यामुळे मामा उशिरा पोचले आणि मागे दाराशी उभे राहिले. सरांनी काय मागितलं ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या कानावर पडला तो फक्त शेवटचा प्रश्न. सर तमिळमध्ये विचारत होते, "आता सांगा, इथे अभिमानी कोण कोण आहेत? हात वर करा." मामांचा हात वर गेला, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या वर.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. तमिळमध्ये अभिमानी म्हणजे जीव लावणारा, चाहता. सरांनी त्या शब्दाला त्या दिवसापुरता आणखी एक अर्थ जोडला होता, दरमहा पैसे देणारा. मामांच्या घरात मात्र हा शब्द आपल्या मराठी अर्थाने चालायचा. त्यांचे वडील उठताबसता म्हणायचे, ‘आम्ही अभिमानी माणसं, कोणापुढे हात पसरणार नाही.’ जन्मभर तमिळ बोललेल्या माणसाच्या कानात नेमका त्या क्षणी वडिलांचा शब्द शिरला. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मान असलेलं माणूस कोण आहे म्हणून विचारले, असं मी ऐकलों. हात वर केलों. मला मान नाही काय?"

"मग सरांना सांगा ना, ऐकण्यात चूक झाली म्हणून."

"अस्क्यांच्यापुढे, एवढ्या सगळ्यांच्यापुढे वर केलों ग," ते म्हणाले. "आता खाली कसा करूं?"

मराठी अर्थाने हात वर झाला, तमिळ अर्थाने नाव लिहिलं गेलं, आणि पुन्हा त्या मराठी अर्थापायीच ते खोडता येईना. मला तेव्हा हसू आवरलं नाही. मैदानाच्या फाटकाशी निळा फलक लागला. वर मोठ्या तमिळ अक्षरांत ‘अभिमानी’ आणि खाली सात नावं, पहिलं नाव टी. सेतुमाधव राव. मामा रोज त्या फलकाखालून सायकल आत आणत आणि वर बघत नसत.

सहा महिन्यांत सातांचे दोन झाले. एकाची बदली झाली, एकाच्या मुलीचं लग्न ठरलं, दोघांनी संध्याकाळी फिरायचा रस्ताच बदलला. एक जण भेटला की इतकं हसायचा की त्याला विचारायची सोय उरली नाही. शेवटी मामा आणि एक निवृत्त पोस्टमास्तर राहिले, आणि पोस्टमास्तर मुलाकडे कोइमतूरला गेले. मग एकटे मामा. नव्या बॅट आल्या त्या त्यांच्यामुळे, कुंभकोणमच्या स्पर्धेला आम्ही गेलो तेही त्यांच्यामुळे.

त्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. ते आता चारलाच येऊन जाळ्याच्या गाठी तपासत. चेंडूची लोकर सुटली की त्यांचा चेहरा उतरे. पूर्वी माझा फटका चुकला तर अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलायचे, आता गप्प. मी म्हटलं, मामा, ओरडत का नाही? म्हणाले, "आता मी ओरडलों तर तुला वाटेल, दिलेल्या पैशासाठी ओरडूलाला." वेष्टी सोडून नेसणंही थांबलं. आम्ही जिंकलो की सुटल्यासारखा श्वास सोडायचे, एवढंच.

आणि मी? मला शेवटच्या वर्षी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. खेळ सोडून द्यावा असं रोज वाटे. पण हातात त्यांची बॅट होती. ती भिंतीला टेकवून ‘मी उद्यापासून येत नाही’ असं म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. मैदानावर जाताना पाय जड व्हायचे, आणि दगडावर बसलेल्या त्या माणसाचा मला राग यायचा. हे लिहायला आज लाज वाटते, पण यायचा.

एका सकाळी तुळसामामी आमच्या घरी आल्या. सेतूमामांची बायको, कधी कोणाकडे न जाणारी. आईशी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला परसात घेऊन गेल्या. "कुरुवैच्या भाताचा हंगाम आहे, ग. शेतकरी जळलेली मोटार घेऊन दुकानापुढे बसूलाले, आणि हे तुमच्या जाळ्याला गाठ बांधूलाले. निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पहिले घरी आले की खेळाचं सांगायचे. आता गप्प बसतात. तू कॅप्टन ना? तूच त्यांना सोडव."

मी त्याच दुपारी दुकानात गेले. मामा साच्यावर तार गुंडाळत होते. वेढे मोजत असताना ते कोणाशी बोलत नसत, कारण आकडा चुकला तर पूर्ण गुंडाळी उलगडावी लागते. मी घोकून आणलेलं वाक्य तसंच बोलून टाकलं. "मामा, पुढच्या महिन्यापासून तुम्ही देऊ नका. आमचं आम्ही बघू." त्यांचा हात थांबला नाही. ओठ हलत राहिले. शेवटचा वेढा बसला, तार कापली, गुंडाळी बाजूला ठेवली, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही मामा. तुमच्यावर भार..."

"म्हणजे मी पुरे झालों," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "सरि. जा. अभ्यास कर."

दुसऱ्या दिवशी दगड रिकामा होता, तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं होतं, पैसे थांबतील आणि माणूस पूर्वीसारखा येऊन बसेल. पण फलकावर पहिलं नाव असलेल्या माणसाला नुसतं बघायला कसं येता येईल? मी त्यांना सोडवायला गेले आणि त्यांची संध्याकाळच काढून घेऊन आले. संघ कसाबसा वर्षअखेरपर्यंत चालला. मी परीक्षा दिली, पास झाले आणि पुण्याच्या शाखेत रुजू झाले. देवनागरी वाचायला मी तिथेच शिकले, आधी दुकानांच्या पाट्यांवरून.

चार वर्षांनी सुट्टीत गावी आले होते. रिक्षा कॉलेजवरून जात होती. पलीकडच्या बसथांब्यावर मामा उभे दिसले, केस पूर्ण पिकलेले. त्यांची पाठ रस्त्याकडे होती आणि तोंड मैदानाच्या जाळीच्या कुंपणाकडे. मी उतरले.

"मामा, कुठे जाऊलालात?"

"कुठे नाही. बस येते काय पाहूलालों."

बस आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली. आत पाच-सहा मुली जुन्या चेंडूने खेळत होत्या. मी म्हटलं, आत चला, दगडावर बसू. ते मान हलवून म्हणाले, "आत गेलों तर विचारतील."

"कोणी काही विचारणार नाहीत मामा."

"तेच तर," ते म्हणाले. "नाव वर आहे, आणि कोणी काही विचारत नाहीत. इथे बरं आहे. इथे मी बसला उभा आहे."

फलक खरंच अजून होता. रंग उडाला होता, नाव वाचता येत होतं. मी घरी गेले, जेवले नाही. आईला वाटलं, प्रवासाने पोट बिघडलं.

सकाळी पी.डी. सरांना भेटले. म्हटलं, दरमहा पैसे मी पाठवीन, माझं नाव कुठे लावायचं नाही, फलक काढून टाकायचा आणि मामांना सांगायचं की आता कॉलेजच सगळं देतं. खोटं बोलायची सरांना सवय नव्हती, तरी ते स्वतः कीळवासलला जाऊन सांगून आले. त्या रविवारी मामांचा फोन आला. आवाजात जुना ठसका होता. "पाहिलीस काय? मी तेव्हाच सांगितलों. कॉलेजचा खेळ, कॉलेजने पाहावं. आता ठिकाणावर आले." मी म्हटलं, हो मामा, तुमचं बरोबर होतं. ते दगडावर परत बसू लागले, आणि मला वाटलं, आयुष्यात एक गोष्ट तरी मी नीट केली.

तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. कोण कशी खेळली, मागच्या ओळीतली नवी मुलगी पाय कसे टाकते, डाव पस्तीसला कसा संपला. मी पुण्यात भाजी चिरत ऐकायचे आणि अधूनमधून विचारायचे, चेंडू चांगले आहेत ना? जाळं नवं आलं का? एखादी मुलगी लग्न करून मधेच खेळ सोडून गेली की मला तिचा राग यायचा, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. हा राग मामांनी सांगितलेल्या त्या मालकाचा आहे, ते मला कळत होतं. वर्षातून एकदा गावी गेले की मामांशेजारी दगडावर बसायचे, आणि गुण किती झाले ते मला सांगता येत नसे. मी चेंडूची सुटलेली लोकर बघत असायचे. नवरा दोनदा म्हणाला, आता पुरे कर, तुझं तिथे कोण खेळतंय? मी म्हटलं, कोणी नाही. मी थांबले तर एक दगड रिकामा होईल, हे त्याला समजावून सांगणं अवघड होतं.

गेल्या पोंगलनंतर मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला रजा मिळून पोचायला तेरावा दिवस उजाडला. पाहुणे गेल्यावर तुळसामामींनी डबऱ्यात, तिकडच्या पसरट पितळी वाटीत, कॉफी आणून दिली आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. मी म्हटलं, शेवटची वर्षं तरी त्यांची आनंदात गेली, मनाजोगता खेळ बघता आला.

मामी म्हणाल्या, "त्यांना अस्कं ठाऊक होतं, इंदू."

"काय ठाऊक होतं?"

"तू देतीस म्हणून. पहिल्याच वर्षी सरांच्या तोंडून निघून गेलं."

कॉफी माझ्या हातात तशीच राहिली. मी विचारलं, मग ते मला बोलले का नाहीत? थांब म्हणाले का नाहीत?

"एकदा तू त्यांना थांबा म्हणून सांगितलीस, तेव्हा काय झालं ते त्यांना ठाऊक होतं ना. तेच तुला कसं सांगतील?" मामींनी पदराने डोळे पुसले, पण आवाज सरळ होता. "शेवटची दोन वर्षं त्यांना पंदु दिसतच नव्हता. डोळ्यांत पडदा आला. गुडघे हे एवढाले सुजले. मी म्हटलें, पोदुम, पुरे, आता घरी बसा. ते म्हणाले, ती पोर तिकडून माझ्यासाठी देऊलाली. मी गेलों नाही तर तिला काय वाटेल. शेजारच्या रिक्षात बसून जायचे. निघताना पोरींना अस्कं विचारून घ्यायचे, कोण जिंकली, किती झाले. रविवारी तुला सांगायला पाहिजे म्हणून."

मागच्या वर्षी मी त्यांच्याशेजारी बसले होते. त्यांची मान चेंडूबरोबर इकडून तिकडे फिरत होती. बॅटच्या आवाजावर फिरवत असतील. मी चेंडूकडे बघत होते, त्यांच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

मामी उठल्या, माझ्या हातातली गार झालेली कॉफी त्यांनी काढून घेतली आणि म्हणाल्या, "आता तरी थांबव. आता कोणाला वाईट वाटायचं नाही."

मी हो म्हणाले. परतताना मैदानाशी रिक्षा थांबवली. मुली खेळत होत्या. त्यांतली एक फाटकाशी येऊन तमिळमध्ये म्हणाली, अक्का, तुम्ही राव तात्तांच्या, म्हणजे आजोबांच्या, घरच्या ना? ते रोज आम्हाला विचारायचे, आज कोण जिंकलं म्हणून. आता कोणी विचारत नाही. मी तिला विचारलं, मग आज कोण जिंकलं? तिने सांगितलं. मी नीट ऐकून घेतलं. या महिन्याच्या पहिल्या तारखेलाही पैसे गेले आहेत.